चर्चासत्र जळगावात, श्रोता अक्कलकुव्यात: व्हिडिओ हे अंतर कसं कमी करतो?

जळगावात सकाळी दहाला चर्चासत्र सुरू होणार आहे. अक्कलकुव्याच्या विद्यार्थ्याला तिथे यायचं तर दोनशे किलोमीटरांहून जास्त प्रवास. म्हणजे आदल्या दिवशीच निघायचं आणि मुक्कामाची सोय बघायची. खरं तर दोन्ही गावं एकाच विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. १९९० साली स्थापन झालेल्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात जळगाव, धुळे आणि नंदुरबार असे तीन जिल्हे आहेत. अंतर मात्र कागदावर कमी होत नाही. व्हिडिओनं ते बरंच कमी करता येतं.

फोन तर सगळ्यांकडे आहे, मग अडतं कुठे?

अमळनेरला १९५२ साली मराठी साहित्य संमेलन झालं. तेव्हा मांडवाबाहेरच्या माणसाला आधार होता तो वर्तमानपत्रातल्या वृत्तांताचा आणि छापील भाषणाचा. २ ते ४ फेब्रुवारी २०२४ ला ९७वं संमेलन पुन्हा अमळनेरलाच भरलं, तेव्हा कॅमेरा जवळपास प्रत्येकाच्या खिशात होता. पण खुर्चीवरून काढलेली दोन मिनिटांची क्लिप आणि नीट ऐकू येणारं पूर्ण भाषण यांत फरक आहे. तो फरक आयोजकांच्या तयारीनं पडतो.

आधी आवाज, मग चित्र

चित्र थोडं अंधूक असलं तरी लोक ऐकत राहतात. आवाज घुमला की लगेच पुढे सरकतात. म्हणून वक्त्याला कॉलर माइक द्या किंवा साउंडवाल्याच्या मिक्सरमधून थेट आवाज घ्या. सभागृहातल्या प्रश्नांसाठी वेगळा माइक फिरवा, नाहीतर घरी बसलेल्याला फक्त उत्तरंच ऐकू येतात.

लाइव्ह करायचं की नंतर टाकायचं?

लाइव्हचा फायदा म्हणजे दूरचा श्रोताही प्रश्न विचारू शकतो. मात्र ते प्रश्न वाचून दाखवायला व्यासपीठाजवळ एक माणूस हवा. ३ एमबीपीएस वेगानं एक तास लाइव्ह केलं तर साधारण १.३५ जीबी डेटा अपलोड होतो. त्यामुळे डाउनलोडचा नाही, अपलोडचा वेग तपासा, आणि तोही सभागृहात बसूनच. यूट्यूबवर पहिल्यांदा लाइव्ह सुरू करताना परवानगी मिळायला २४ तासांपर्यंत लागू शकतात, म्हणून ते काम आदल्या दिवसावर ठेवू नका. नेटचा भरवसा नसेल तर रेकॉर्ड करून नंतर टाकणं चांगलं.

वक्त्याला विचारायलाच हवं का?

हो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात गायक आणि नटांप्रमाणे व्याख्यान देणारी व्यक्तीही 'परफॉर्मर' मानली जाते. रेकॉर्डिंग करण्याचा आणि ते लोकांपर्यंत पोहोचवण्याचा हक्क तिचा असतो. निमंत्रण पाठवतानाच लेखी संमती घ्या. एखाद्या संशोधकाचं काम अजून प्रसिद्ध झालेलं नसेल आणि त्यानं 'हा भाग नको' म्हटलं, तर तो भाग वगळा. श्रोत्यांनाही सुरुवातीलाच सांगा की चित्रीकरण सुरू आहे.

तीन तासांचा व्हिडिओ बघणार कोण?

सलग तीन तास फारसं कुणी बघणार नाही. सत्कार, दीपप्रज्वलन, प्रास्ताविक बाजूला ठेवा आणि प्रत्येक भाषणाचा वेगळा व्हिडिओ करा. शीर्षकात 'राष्ट्रीय चर्चासत्र, सत्र दुसरं' असं लिहू नका, विषय लिहा. केळीवरच्या रोगाबद्दल शोधणारा शेतकरी 'सत्र दुसरं' असं कधीच टाइप करणार नाही. पूर्ण व्हिडिओ ठेवायचाच असेल तर खालच्या माहितीत ००:०० पासून किमान तीन वेळा आणि त्यापुढे मुद्दे लिहा. यूट्यूब त्यांचे आपोआप भाग पाडतं. बोलणं अहिराणीत असेल तर प्रमाण मराठीत सबटायटल द्या, म्हणजे खान्देशाबाहेरचे लोकही ऐकतील.

मूळ फाइल कुठे ठेवायची?

बऱ्याचदा चॅनेलचा पासवर्ड एकाच प्राध्यापकाकडे असतो. त्यांची बदली झाली की चॅनेलही थांबतं. म्हणून खातं संस्थेच्या ईमेलवर काढा आणि मूळ फाइलच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. धुळ्यातलं राजवाडे संशोधन मंडळ जुनी कागदपत्रं जपत आलं आहे. ती कुणीतरी जपून ठेवली म्हणूनच आज अभ्यासता येतात. आजच्या चर्चासत्राचं रेकॉर्डिंग हा उद्याच्या अभ्यासकासाठी तसाच दस्तऐवज आहे.

तुमच्या कॉलेजात पुढचं चर्चासत्र ठरेल तेव्हा मंडप आणि जेवणाच्या खर्चाशेजारी माइक आणि रेकॉर्डिंगचीही एक ओळ लिहा. अक्कलकुव्याच्या विद्यार्थ्यासाठी सगळ्यात कामाचा खर्च तोच ठरेल.