रबर आणि तांबें यांचें वैर

ताम्रपट, नाणीं व जुने कागद बाळगणाऱ्यांस रबरी फीत ही सोयीची वस्तु वाटते. परंतु तांबें व रबर यांचें वैर जुनें असून त्याचा इतिहास संग्राहकांनीं ध्यानांत ठेवण्याजोगा आहे.

चार्लस मॅकिंटॉश यानें १८२३ सालीं जलरोधक कापडाचें पेटंट घेतलें. दोन कापडांमध्यें रबराचा थर, अशी त्याची रचना होती. पुढें १८४३ सालीं टॉमस हॅनकॉक यानें गंधकानें रबर पक्कें करण्याच्या कृतीचें इंग्लंडांत पेटंट घेतलें. तथापि असलें कापड कालांतरानें चिकट व शेवटीं ठिसूळ होई. जॉन स्पिलर यानें १८६५ सालीं दाखविलें कीं, हवेंतील प्राणवायु शोषून रबराचा राळेसारखा पदार्थ बनतो. नाशाचें कारण कळलें. परंतु एक तुकडा लवकर व दुसरा उशिरां कां नासतो, हा प्रश्न उरलाच.

त्याचें उत्तर मँचेस्टरचे विल्यम टॉमसन व फ्रेडरिक लुइस यांच्या १८९१ च्या निबंधांत सांपडतें. (हे टॉमसन म्हणजे लॉर्ड केल्विन नव्हेत, नामसादृश्यानें घोटाळा होऊं नये.) त्यांनीं निरनिराळे धातु व त्यांचे क्षार रबरावर योजून पाहिले. धातूंमध्यें तांबें सर्वांत घातक ठरलें. त्याचे क्षारहि तसेच. कापडास अॅनिलिनचा काळा रंग देतांना तांब्याचे क्षार वापरीत. त्यांचा अंश कापडांत राहिला कीं रबराचा नाश ओढवे.

यामागील क्रिया आज स्पष्ट झाली आहे. रबराचे रेणु म्हणजे लांबच लांब साखळ्या. प्राणवायूच्या संयोगानें त्यांवर पेरॉक्साइडें तयार होतात. तांबें तीं झपाट्यानें फोडतें, व त्यांतून साखळ्या तुटत जातात. या व्यवहारांत तांबें एका संयुजेंतून दुसरींत जाऊन पुन्हां पूर्वस्थितीस येतें, खर्ची पडत नाहीं; म्हणून त्याचा अत्यल्प अंशहि पुरतो. स्निग्धाम्लांशीं मिळून झालेले त्याचे क्षार रबरांत विरघळत असल्यामुळें विशेष घातक होत. मँगनीजचे क्षारहि याच जातीचे. उलटपक्षीं, पक्क्या रबरांतील गंधक तांबें व रुपें काळें करतो. विजेच्या तांब्याच्या तारेस रबराचें वेष्टण घालण्यापूर्वीं कल्हई करण्याची रीत या उभयपक्षीं हानीमुळेंच पडली.

तेव्हां कागदावर चिकटलेली फीत दिसली असतां केवळ तिच्या वयास दोष देऊं नये. शेजारीं तांबें किंवा त्याचा हिरवा कळंक होता काय, हें पाहावें. ताम्रपट व नाणीं रबरानें कधींहि बांधूं नयेत. पेशवे दफ्तरांतील कागद रुमालांत बांधून राहिले. सुती कापडाची ती जुनी रीतच या कामीं श्रेयस्कर होय.