पायाखालचा साग

सोसायटीच्या इमारतीचा आणि कमिटीचा इतिहास या स्मरणिकेत येईलच. मी लिहितोय एका खोलीच्या जमिनीचा. आईच्या खोलीत पाऊल टाकलं की नवा पाहुणा हमखास विचारतो, "हे लॅमिनेट कुठून आणलंत?" लॅमिनेट नाही हो, अस्सल साग आहे, आणि वयाने आपल्या सगळ्यांपेक्षा मोठा!

२००० साली ताबा मिळाला तेव्हा घरोघरी बिल्डरने दिलेल्या करड्या मोझॅक फरशा होत्या. पुढे एकेकाने व्हिट्रिफाइड बसवली. आमचंही तेच ठरलं होतं. पण २०११ साली गिरगावातली आमची चाळ पाडायला काढली. आई १९६८ साली लग्न होऊन त्याच खोलीत आली होती. ती म्हणाली, "बाकी काही नको, जमिनीच्या फळ्या आणता आल्या तर बघ." कंत्राटदाराला पैसे मोजून जेवढ्या धड निघाल्या तेवढ्या आणल्या. दहा बाय बाराची एक खोली होईल, एवढ्याच निघाल्या.

सुतारमिस्त्रींनी एका फळीवर रंधा मारला आणि म्हणाले, "साहेब, बर्मा आहे."

मुंबईच्या जुन्या इमारतींत ब्रह्मदेशचा साग भरपूर सापडतो. त्या व्यापारासाठी १८६३ साली मुंबईतच बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन निघाली. नोंदवल्यापेक्षा जास्त ओंडके नेल्याचा ठपका ठेवून थिबा राजाच्या दरबाराने १८८५ साली तिला जबर दंड केला. ते निमित्त साधून इंग्रजांनी युद्ध पुकारलं, मंडाले घेतलं आणि राजाला कैद करून पुढे रत्नागिरीत आणून ठेवलं. १९१६ साली तो तिथेच वारला. रत्नागिरीचा थिबा पॅलेस आपल्यापैकी अनेकांनी पाहिलाय. तो राजा तिथे आला, त्यामागे सागाचं भांडण होतं. आमच्या फळ्या नेमक्या कुठल्या जंगलातल्या ते कोण सांगणार, पण त्यांच्यावरून चालताना हे आठवतं.

आता रंगाचं. आमच्या सौ.नी भिंतींना फिकट राखाडी रंग आधीच देऊन ठेवला होता. त्याच्याशेजारी फळ्या नुसत्या पिवळट, मळकट दिसायला लागल्या. इंटीरियरवाले म्हणाले, "गडद पॉलिश मारू, कपाटाला मॅच होईल." आईने एवढंच विचारलं, "मग ओळखू कशा येतील?" त्यावर कोणी बोललं नाही. मिस्त्रींनी तोडगा काढला: "भिंत पाच वर्षांनी पुन्हा रंगवाल. जमीन थोडीच बदलणार? जमीन बघून भिंत रंगवा." भिंतींना साईचा रंग दिला आणि सागाचा मधाळ तपकिरी रंग उठून दिसला. फळ्यांवर नुसतं तेल लावलं. रंधा मारल्यावर साग चट्टेरी दिसतो, पण उजेड लागला की काही आठवड्यांत एकसारखा होतो, घाई करू नये. जुन्या खिळ्यांचे काळे डाग मात्र तसेच राहू दिले.

कोणी अस्सल लाकूड बसवणार असेल तर एक सांगतो. पावसाळ्यात ते फुगतं. भिंतीला भिडवू नका, चारही बाजूंनी अर्धा इंच फट सोडा आणि वरून स्कर्टिंगची पट्टी मारा. जमिनीची उंची वाढते, तेव्हा दार खालून तासावं लागेल तेही धरा. आणि पुसायला फडकं घट्ट पिळून घ्या, बादली ओतू नका.

त्या खोलीच्या भिंती त्यानंतर दोनदा रंगवल्या. जमीन तीच आहे. आई आजही दुपारी खाली बसून भाजी निवडते.

हल्ली सर्वसाधारण सभेत पुनर्विकासाचा शब्द कानावर येतो. यायलाच हवा, पाइप गळतायत, लिफ्ट थकलीय. परवा आईने विचारलं, "मग फळ्यांचं काय?" मी सांगितलं, चिकटवलेल्या नाहीत, खाली रिपा टाकून स्क्रूने बसवल्यात. काढता येतील. नव्या घरात भिंतीचा रंग काय द्यायचा, हे पुन्हा त्यांनाच विचारू.