मिश्र सेंद्रिय द्राक्षशेती

कौटुंबिक द्राक्षबागेच्या जोडीने कडधान्ये, भाजीपाला, फळझाडे व पशुधन यांचे संगोपन करून, रासायनिक खते व संश्लिष्ट कीटकनाशके वर्ज्य ठेवून, जीववैविध्य राखणारी कृषिपद्धती. कुकडी प्रकल्पाच्या येडगाव, माणिकडोह, डिंभे आदी धरणांमुळे जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या (पुणे जिल्हा) पूर्वभागात बागायत विस्तारली व नारायणगाव परिसर द्राक्षांसाठी ख्यात झाला (पहा: कुकडी प्रकल्प).

एप्रिलमधील खरड छाटणी व ऑक्टोबरमधील गोडी छाटणी या दोन छाटण्यांभोवती वेलीचे वर्ष फिरते; ओळींमधील मोकळ्या जमिनीत ताग, धैंचा वा चवळी पेरून ती फुलोऱ्यात गाडली जाते. बांधावरील कडुनिंब, शेवरी व फुलझाडे मधमाश्या, पक्षी आणि मित्रकीटक यांना आश्रय देतात. पिठ्या ढेकणाच्या नियंत्रणासाठी क्रिप्टोलीमस भुंगेरे सोडतात. केवडा रोगावरील बोर्डो मिश्रण सेंद्रिय नियमांत मर्यादित प्रमाणात ग्राह्य असले, तरी त्यातील ताम्र जमिनीत साचत जाते, ही या पद्धतीची खरी अडचण होय.

राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमान्वये (2001 पासून) बहुवर्षायू पिकांस दाखल्यापूर्वी सामान्यतः 3 वर्षांचा संक्रमणकाल आवश्यक असतो. जुन्नर-आंबेगावच्या बागायती भागाच्या पश्चिमेस हिरड्याची वने व भीमाशंकर अभयारण्य असल्याने अशा बागा वन व बागायत यांमधील अधिवासांची साखळी राखण्यास उपयुक्त ठरू शकतात (पहा: द्राक्ष, भीमाशंकर, हिरडा).