अहल्या की अहिल्या?

एका वेलांटीवर वाड्यातील दोन खोल्यांचा हक्क अडून बसावा, हे वाचकांस अतिशयोक्तीचे वाटेल. परंतु वकिलीच्या धंद्यात आमच्यावर असा प्रसंग एकदा आला. इंदुरातील एका मराठी गृहस्थांनी आपल्या मृत्युपत्रात 'माझी धाकटी बहीण अहल्या' हिच्या नावे दोन खोल्या लिहून ठेविल्या होत्या. गृहस्थ संस्कृताचे व्यासंगी. तेव्हा बहिणीचे नाव त्यांनी शुद्ध करून लिहिले. बहिणीच्या शिधापत्रिकेवर आणि बँकेच्या पुस्तकावर मात्र 'अहिल्या'. पुतण्यांनी हरकत घेतली, की मृत्युपत्रातील बाई ही नव्हेच.

कायद्याचे उत्तर सोपे होते. 1925 च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमाचे 76 वे कलम सांगते, की देणगी कोणास द्यावयाची हे मृत्युपत्राच्या शब्दांवरून पुरेसे स्पष्ट होत असेल, तर नावातील चुकीमुळे देणगी बुडत नाही. हे आम्ही त्या वृद्ध बाईंस समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "वकीलसाहेब, खोल्यांचं कळलं. पण भाऊ जाताना माझं नाव सुधारून गेला. मग जन्मभर मला हाक मारली ती चुकीचीच का?" या प्रश्नास कोणत्याही कलमात उत्तर नव्हते. ते शोधण्याचा हा प्रयत्न आहे.

भावाची बाजू प्रथम मांडू. संस्कृतात नाव 'अहल्या' असेच आहे. हल म्हणजे नांगर. पाणिनीच्या व्याकरणात हल या शब्दापासून नांगरटीच्या अर्थी 'हल्य' हे रूप सिद्ध होते. त्यावरून अहल्या म्हणजे न नांगरलेली भूमी, असा अर्थ निघतो. रामायणाच्या उत्तरकांडात दुसरी व्युत्पत्ती आहे. तेथे हल म्हणजे कुरूपता, आणि जिच्यात कुरूपतेचा लेशही नाही ती अहल्या. शतपथ ब्राह्मणात इंद्रास अहल्येचा जार म्हटले आहे. त्या दूषणातून मार्ग काढताना मीमांसक कुमारिल भट्टांनी अहल्येस रात्र ठरविले आणि इंद्रास सूर्य. दिवस उगवताच जी लीन होते ती अहल्या. रवींद्रनाथांनी 1890 च्या 'मानसी' या संग्रहातील 'अहल्यार प्रति' या कवितेत तिला पुन्हा मातीशीच जोडले. अर्थाविषयी इतके मतभेद. परंतु 'ह' वर वेलांटी यांपैकी कोणीही दिलेली नाही. बंगाली आणि कन्नड लेखनातही ती नाही.

मग मराठीत ही वेलांटी आली कोठून? आमच्या मते ती अज्ञानातून आलेली नसून उच्चाराच्या स्वाभाविक ओढीतून आली आहे. 'य' हा तालव्य वर्ण. तो जोडाक्षरात पुढे उभा असला, की मागील अकारास आपल्याकडे ओढतो. संस्कृत 'शय्या' प्राकृतात 'सेज्जा' झाली आणि मराठीत 'शेज' म्हणून नांदू लागली. शेजेस कोणी अशुद्ध म्हणत नाही. तेथे अकाराचा एकार झाला, येथे इकार, दिशा एकच. मात्र अहल्येचा प्रवास अर्ध्यावर थांबला. 'मूल्य' या शब्दाचे लोकांनी 'मोल' केले, 'कल्य' याचे 'काल' केले. त्या न्यायाने या नावातील 'ल्य' हे जोडाक्षरही झिजावयास हवे होते. परंतु पंचकन्यांच्या नित्यस्मरणात आणि कीर्तनकारांच्या मुखी हे नाव सतत राहिले, म्हणून जोडाक्षर टिकले आणि स्वर तेवढा बदलला. अर्धे शास्त्राचे आणि अर्धे घरचे, असे हे नाव आहे.

काव्याची साक्ष काढू गेल्यास ती निरुपयोगी ठरते. 'अहल्या' आणि 'अहिल्या' या दोहोंत पहिले अक्षर लघु व पुढील दोन गुरू. कारण जोडाक्षरामागील ऱ्हस्व स्वरही गुरूच मोजतात. आर्या कोणतेही रूप घेऊन तितकीच बिनचूक चालते. मात्र उच्चाराविषयी एक गोष्ट यातून निश्चित होते. मधल्या अक्षराचा भार जोडाक्षराने आलेला आहे, दीर्घ स्वराने नव्हे. आपण बोलतो ते 'अहिल्-ल्या' असे. म्हणून 'अहील्या' हे लेखन मात्र खरोखर चूक. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेलांटीचा भेद पाळीत नसत, हे जुने कागद वाचताना ध्यानात ठेवावे.

आता सर्वांत मोठा पुरावा. 1725 साली जामखेडजवळील चौंडी येथे जन्मलेली एक मुलगी होळकरांची सून झाली. 1754 साली कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव गेले, 1766 साली सासरे मल्हारराव गेले आणि 1767 साली पुत्र मालेराव गेला. त्यानंतर 1795 पर्यंत महेश्वरी राहून तिने माळव्याचा कारभार केला. काशीचे विश्वेश्वराचे मंदिर पुन्हा उभविले. सर जॉन माल्कम यांच्या 1823 च्या ग्रंथात तिचे नाव संस्कृत वळणाने आले असले, तरी ज्यांच्यावर तिने राज्य केले आणि ज्यांच्यात ती जन्मली, ते तिला अहिल्याबाईच म्हणत आले. इंदूरचे विश्वविद्यालय 'देवी अहिल्या' या नावाने चालते. 2024 साली अहमदनगरचे 'अहिल्यानगर' झाले, तेव्हा राज्यशासनानेही वेलांटीसह तेच नाव स्वीकारले. पुराणातील अहल्येची कीर्ती दुसऱ्याच्या चरणस्पर्शाने उद्धरली जाण्यात आहे. या अहिल्येने तर स्वतःच असंख्यांचा भार वाहिला. दोघींची नावे एका वेलांटीने निराळी राहिली, यात आम्हांस औचित्यच दिसते.

तेव्हा आमचा निर्णय असा, की गौतमपत्नीविषयी लिहिताना 'अहल्या' लिहावे. परंतु जी बाई स्वतःस अहिल्या म्हणविते तिचे नाव कोणी सुधारू नये. शब्दावर व्याकरणाचा अधिकार चालतो. नावावर मात्र ते धारण करणाऱ्याचा अधिकार प्रथम.

हे सर्व आम्ही त्या बाईंस थोडक्यात सांगितले. पुढे प्रतिज्ञापत्रावर सही करण्याची वेळ आली, तेव्हा कारकुनाने सोयीसाठी 'अहल्या उर्फ अहिल्या' असे टंकून आणले होते. बाईंनी चष्मा लावून ते वाचले, आणि कागदाखाली सावकाश, ठळक वेलांटी देऊन सही केली.