थर्मामीटरवर ९ अंश, तरी मका गेला!

आजचा भाग मामाच्या एका मेसेजपासून सुरू करतो.

माझा मामा महाबळेश्वरजवळ स्ट्रॉबेरी लावतो. जानेवारीतली गोष्ट. सकाळी सातला त्याचा फोटो आला. गवतावर पांढरा थर, आणि खाली तीनच शब्द: "खालचे वाफे गेले." मी मोबाईलवर हवामान बघितलं. ८ अंश. मग फोन लावून शहाणपणा केला, "मामा, पाणी शून्याला गोठतं. ८ अंशाला दव कसं गोठेल?"

तो म्हणाला, "ते तुझ्या मोबाईलला विचार. इथं फुलं मधोमध काळी पडलीत. आणि वरच्या वाफ्यांना काहीही झालेलं नाही, ते वेगळंच."

वेण्णा लेक आणि लिंगमळ्याकडे दव गोठल्याच्या बातम्या आपण हिवाळ्यात वाचतो, फोटो बघतो, पुढे सरकतो. पण मामाचा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. शोधत गेलो, तर कळलं की हाच प्रश्न अमेरिकेतल्या एका बागवेड्या माणसाला अडीचशे वर्षांपूर्वी पडला होता. त्याचं नाव थॉमस जेफरसन. हो, तेच, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले.

आपल्याकडे शेतीचं वर्ष पावसावर बेततात. व्हर्जिनियात ते दोन तारखांमध्ये बसवावं लागतं: वसंतातला शेवटचा फ्रॉस्ट आणि शरदातला पहिला फ्रॉस्ट. मका, घेवडा, टोमॅटो, सगळं या दोन तारखांच्या मध्ये उरकायचं. लवकर लावलं तर रोप जातं, उशिरा लावलं तर फळ पिकायच्या आत थंडी येते.

जेफरसन माँटिचेलो नावाच्या टेकडीवर राहायचे. १७६६ पासून ते बागेची वही लिहीत होते. ५ मे १७७४ ची नोंद बघा. आदल्या दिवशी ब्लू रिज डोंगरावर बर्फ पडला होता, आणि त्या दिवशी फ्रॉस्टनं जवळजवळ सगळं मारलं. गहू, राय, मका, तंबाखूची रोपं. मे महिन्यात, बरं का! पण त्याच नोंदीत एक गोष्ट आहे. आजूबाजूच्या परिसरात फळं पूर्ण गेली, आणि टेकडीवर मात्र साधारण निम्मीच.

म्हणजे मामाचे वरचे वाफे आणि खालचे वाफे!

पुढे १७८० च्या दशकात त्यांचं 'नोट्स ऑन द स्टेट ऑफ व्हर्जिनिया' हे पुस्तक आलं. त्यात ते लिहितात की टेकडीच्या आसपासची हिकरीची झाडं फ्रॉस्टनं मेली, आणि त्याच वेळी टेकडीवरच्या फळझाडांच्या कोवळ्या मोहोराला धक्का लागला नाही. शिवाय आपले आकडे दिलेत. थर्मामीटर ४८ फॅरनहाइट दाखवत असताना, म्हणजे जवळजवळ ९ सेल्सिअसला, मक्याची रोपं मेली. नुसत्या थंडीच्या आकड्यावर फ्रॉस्ट ठरत नाही, हे त्यांना कळलं होतं. पण का, हे कोडं सुटत नव्हतं.

ते सोडवलं एका डॉक्टरनं. विल्यम चार्ल्स वेल्स, जन्म अमेरिकेतल्या चार्ल्सटनचा, व्यवसाय लंडनमध्ये. १८१४ साली त्यांनी दवावर एक निबंध छापला. रात्रीच्या रात्री बागेत बसून केलेले प्रयोग आहेत त्यात. एक तर अगदी साधा. चार काड्या रोवून गवतावर सहा इंच उंचीवर एक पातळ रुमाल ताणला. रुमालाखालचं गवत बाहेरच्या गवतापेक्षा उबदार निघालं! वेल्स मोकळेपणानं कबूल करतात की माळी लोक रोपांवर पातळ चटया टाकायचे, तेव्हा आपण त्यांना हसत होतो.

कारण असं. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री पानं आणि जमीन आपली उष्णता मोकळ्या आकाशाकडे सोडत राहतात. त्यामुळे पान भोवतीच्या हवेपेक्षाही गार होतं. थर्मामीटर डोक्याच्या उंचीवर टांगलेला असतो, तो हवा मोजतो. त्यावर ७-८ अंश असताना जमिनीलगत शून्य गाठलं जाऊ शकतं. आणि गार हवा जड, ती पाण्यासारखी उतारावरून घरंगळत सखल जागी साचते. म्हणून वरचे वाफे वाचतात, खालचे जातात.

जेफरसननी कारण कळायची वाट पाहिली नाही, जागा निवडली. भाजीचा मळा टेकडीच्या आग्नेय उतारावर केला, १००० फूट लांब. खालून दगडी भिंत, आणि थंडीला नाजूक अंजिरं त्या भिंतीच्या उबेला. १८१२ च्या तक्त्यात प्रत्येक भाजी कुठे पेरली, कधी पेरली, ताटात कधी आली, कधी संपली, असे रकाने आहेत.

पण वही जेफरसनची असली, तरी कुदळ दुसऱ्यांच्या हातात होती. तो मळा गुलाम मजुरांनी डोंगर फोडून केला. वर्मली ह्यूज हे तिथले मुख्य माळी, तेही गुलामच. जेफरसन राजधानीत असताना बाग त्यांनीच सांभाळली. १८२६ मध्ये जेफरसनची कबरही त्यांनीच खणली, आणि पुढच्याच वर्षी कर्ज फेडायला झालेल्या लिलावात त्यांची बायको आणि मुलं विकली गेली. पहाटे पांढरं गवत आधी कोणी पाहिलं असेल, याचा रकाना त्या वहीत नाही.

आज अमेरिकेत फ्रॉस्टच्या तारखा ३० वर्षांच्या नोंदींवरून काढतात. त्यात एक फसगत आहे. 'शेवटच्या फ्रॉस्टची सरासरी तारीख' ऐकली की लोक म्हणतात, चला, आता लावू. पण ५० टक्क्यांची तारीख म्हणजे दर दोन वर्षांतून एकदा त्यानंतरही फ्रॉस्ट येणार! म्हणून नाजूक रोपांसाठी १० टक्क्यांची, म्हणजे जास्त उशिराची तारीख बघायची. आणि ती तारीखही हवामान केंद्राच्या जागेची असते, तुमच्या वाफ्याची नव्हे.

मागच्या महिन्यात मी मामाला दोन साधे थर्मामीटर नेऊन दिले. एक वरच्या वाफ्यात, एक खालच्या, दोन्ही पानांच्या उंचीवर. मामी शाळेची जुनी वही घेऊन रोज लिहिते: तारीख, दोन आकडे, आकाश मोकळं की ढगाळ, वारा होता की नव्हता. आभाळ मोकळं आणि वारा पडलेला असला, की संध्याकाळीच खालच्या वाफ्यांवर पातळ कापड टाकायचं, एवढं ठरलंय.

तुमच्या गावात अशी गारठ्याची जागा कुठली? घरातल्या मोठ्यांना विचारा, त्यांना नक्की माहीत असेल. आणि मला व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात!