ली येथील राखीव समुद्र

न्यूझीलंडमधील ली या गावाजवळ ऑकलंड विद्यापीठाची सागरी प्रयोगशाळा १९६२ साली स्थापन झाली. तिच्यासमोरील किनाऱ्यावर मासेमारी नसावी, या अभ्यासकांच्या मागणीतून १९७१ चा कायदा झाला व १९७५ साली सुमारे ५ चौरस किलोमीटर समुद्र राखीव ठरला. कायद्याचा हेतू शास्त्रीय अध्ययन हा होता, पुनरुज्जीवन नव्हे. तेथील उजाड खडक निसर्गतःच तसे असावेत, असा समज होता. परंतु पुढील दशकांत स्नॅपर मासे व शेवंडे वाढली. त्यांच्या भक्ष्यस्थानी पडून काटेरी सागरी अर्चिन घटले. आणि अर्चिनांनी फस्त केलेली शैवलांची वने पुन्हा उभी राहिली. खडकांचे उजाडपण मासेमारीतून उद्भवले होते, हे त्यामुळे उघड झाले. समुद्राचे मूळ रूप अभ्यासकांना कळले, ते त्यास हात न लावल्यामुळेच.