शत्रू ठरलेले पडसाद

खडकीहून संदेश धाडायचा आणि दौंडला बसून पलीकडचा ऐकायचा, अशी इंग्लंडशी बिनतारी संदेशवहनाची सोय १९२७ साली झाली. मधल्या हजारो मैलांत तार नव्हती. पण तारेच्या जागी जे होते ते तारेइतके भरवशाचे नव्हते. लघुलहरी वातावरणाच्या उंच थरांवरून परततात आणि एकच संदेश दोन-तीन वाटांनी येऊन पोचतो. लहरी एकमेकींशी जुळल्या तर आवाज चढतो; एकीचा चढ दुसरीच्या उतारावर पडला तर बुडतो. ते थरही स्थिर नाहीत, म्हणून हा खेळ क्षणोक्षणी बदलतो. रेडिओवर दूरचे केंद्र ऐकताना गाणे मध्येच विरून जाई आणि पुन्हा उमटे, हे आपल्यातील वडीलधाऱ्यांना आठवत असेल.

बेव्हरेज आणि पीटरसन या अमेरिकन अभियंत्यांनी १९३१ साली आर. सी. ए. कंपनीतील आपला तोडगा प्रसिद्ध केला. एकाच संदेशासाठी त्यांनी अंतराअंतरावर अनेक अँटेना उभारल्या. एकीपाशी आवाज बुडाला तरी त्याच क्षणी दुसरीपाशीही तो बुडेलच असे नाही, इतका साधा हा विचार होता. याने विरणे आवरले. पण परक्या संदेशाची लुडबूड राहिलीच. १९६० साली स्टॅनफर्ड येथे विड्रो आणि हॉफ यांनी झालेली चूक मोजून पायरीपायरीने सुधारणारी एक गणिती रीत मांडली. १९६७ मध्ये विड्रो व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती अँटेनांच्या समूहाला लावली. प्रत्येक अँटेनाला कमी-अधिक वजन देत गेले की नको त्या दिशेकडचा कान आपोआप बंद होतो.

इथवर पडसाद हा शत्रूच समजला जात होता. तो समज बदलण्याच्या कथेत आपल्या परिसराचाही धागा आहे. थॉमस कैलथ यांचा जन्म पुण्याचा, १९३५ सालचा. येथील अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५६ साली पदवी घेऊन ते अमेरिकेत एम. आय. टी.ला गेले आणि १९६१ मध्ये त्यांनी, कशीही बदलत राहणाऱ्या मार्गांवरून संदेश कसा न्यावा, याच विषयावर प्रबंध लिहिला. आरोग्यस्वामी पॉलराज हे खडकवासल्याच्या प्रबोधिनीत शिकलेले नौदलाचे अधिकारी. नौदलासाठी सोनार यंत्रणा घडवून पुढे ते स्टॅनफर्डला कैलथ यांच्याकडे आले. एकाच वेळी, एकाच लहरलांबीवर, वेगवेगळ्या अँटेनांतून वेगवेगळे संदेश सोडावेत, अशा कल्पनेच्या पेटंटासाठी दोघांनी १९९२ मध्ये अर्ज केला. ते १९९४ मध्ये मिळाले. १९९६ मध्ये बेल प्रयोगशाळेच्या फोशिनी यांनी अशा मांडणीचे सामर्थ्य अँटेनांच्या संख्येबरोबर कसे वाढते ते दाखविले.

हे शक्य कसे होते? शाळेतील एकसामयिक समीकरणे आठवा. दोन संदेश म्हणजे दोन अज्ञाते. घेणाऱ्या दोन अँटेना म्हणजे दोन समीकरणे. पहिले समीकरण ‘क्ष अधिक य बरोबर १०’ आणि दुसरे नुसती त्याची दुप्पट असेल, तर उत्तर मिळत नाही. मोकळ्या मैदानात दूरवरून येणाऱ्या लहरींचे थोडेफार असेच होते. इमारती आणि डोंगर यांवरून आलेले पडसाद मात्र प्रत्येक अँटेनापाशी मिश्रण वेगळे करतात, आणि त्यामुळेच समीकरणे सुटतात. शत्रू मदतीला आला तो असा!

मात्र समीकरणांतील आकडे स्थिर नाहीत. १५ सेंटिमीटर लांबीची लहर घ्या. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या एस. टी.तील फोन सुमारे साडेचार सहस्रांश सेकंदात साडेसात सेंटिमीटर, म्हणजे अर्धी लहर, पुढे सरकतो. तेवढ्यात जुने आकडे शिळे होतात. शिळ्या आकड्यांनी गणित सोडविले तर एका संदेशात दुसरा झिरपतो. म्हणून दोन्ही बाजूंना आधीच ठाऊक असलेल्या खुणा संदेशात मधूनमधून पेरतात. त्या कशा बिघडून आल्या हे पाहून वाटेचा अंदाज नव्याने बांधतात.

२००९ मध्ये वाय-फायच्या नियमांत ही रीत समाविष्ट झाली आणि ती घराघरांत शिरली. पडसाद कोणी नाहीसे केले नाहीत, मार्गही स्थिर झाला नाही. तो बदलतो हे मान्य करून दर क्षणी मोजण्याचे कष्ट घेतले गेले, इतकेच. दौंडला कान देऊन बसलेल्या माणसाला हेच हवे होते. ते हाती येण्यास मध्ये ऐंशी वर्षे जावी लागली.